कंडक्टरच्या घराचा जिना

घर बघायला जाणाऱ्याने आधी त्या घरातून बाहेर पडता येतं का, ते बघावं. नळाला पाणी किती वेळ असतं, छप्पर गळतं का, शेजारी भांडकुदळ आहेत का, हे सगळं नंतर. पण माणूस नेमकं उलटं करतो. आत शिरतो, भिंतींना बोटं लावतो, मान वर करून छत बघतो, आणि मग मागे वळतो तर दार लागलेलं.

धाकटीच्या बाबतीत हे जसंच्या तसं झालं. धाकटी म्हणजे सुताराची बायको. सासरी ती दोन नंबरची सून, म्हणून धाकटी. वय पस्तिशीला आलं तरी नाव तेच. घर दाखवणारा दलाल पुढे, मागे सुतार, त्याच्यामागे धाकटी, अशी वरात गल्लीतून एकामागे एक चालत आली, कारण दोघं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंदी त्या गल्लीला नव्हतीच. घर म्हणजे दोन थोराड, बैठ्या इमारतींच्या मधे पाचर मारावी तसं मारलेलं. रुंदी जेमतेम दहा फूट. खाली एक खोली, मागे स्वयंपाकाचा आडोसा, वर एक खोली. शहराच्या पार पोटात, आणि तरी परवडेल असं. कारण गाडी दारापर्यंत येत नाही, आणि ज्यांची गाडी दारात येत नाही त्यांना हल्ली घर आवडत नाही.

"ताई, इथली शांतता बघा," दलाल म्हणाला. "एकदा दार लावलं की शहर बंद!" आणि त्याने मोठ्या दिमाखात दार लोटून लावलं.

शहर खरंच बंद झालं. कारण दार जे चौकटीत जाऊन बसलं ते परत उघडेना. दलालाने ओढलं, मग हिसडलं, मग एक पाय भिंतीला लावून हिसडलं. कडीच हातात आली.

"तीन बेल मारल्यात तरी ती गाडी हलायची नाही," खाटेवरचा म्हातारा म्हणाला.

हा घराचा मालक. तीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टर होता आणि निवृत्त झाल्यावरही बोलणं बसमध्येच राहिलं होतं. खाट जिन्याच्या पायथ्याशी, आणि खाटेभोवती त्याचा सगळा संसार, हाताच्या अंतरावर.

"म्हणजे हे नेहमीचं आहे?" धाकटीने विचारलं.

"नेहमीचं कसं? एकदा सकाळी दहाला जे लागलं ते दिवे लागेपर्यंत. शेवटी पेपरवाल्याने बाहेरून लाथ घातली तेव्हा उतरलो. म्हणून तर मुलगी म्हणते, बाबा, विका आणि माझ्याकडे या."

दलाल घाईघाईने म्हणाला, "काका, ते सगळं आत्ताच सांगायला पाहिजे का?"

धाकटीची नजर खिडकी शोधायला लागली. खालच्या खोलीला खिडकी अशी नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या भिंती दुसऱ्यांच्या. डावीकडे छापखाना होता, त्याच्या यंत्राची धडधड भिंतीतून यायची, जणू भिंतीलाच काळीज आहे. दलालाने लावलेलं अत्तर नाकात बसलेलं. दहा फुटांत चार माणसं, आणि दार बंद. तिच्या छातीत जे काही घट्ट झालं ते तिला नवं नव्हतं. ते ती गेली तीन वर्षं ओळखत होती.

तीन वर्षांपूर्वी ती दोघं मोठ्या भाऊजींच्या घरी राहायला आली होती, दोन महिन्यांसाठी. माडीवरची एक खोली. तिथे पलंग ठेवला की चालायला जागा नाही आणि चालायला जागा केली की झोपायला नाही. धाकटी कपडे दुरुस्त करून द्यायची, म्हणजे कोटाचं अस्तर बदलायचं, पँट आखूड करायची, चेन बसवायची. तिचं शिलाईयंत्र जिन्याच्या वळणावर. जाणारा-येणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जायचा. थोरल्या जाऊबाई तर ओलांडताना उसासा सोडायच्या, जसा टोल भरावा तसा. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली आणि कुणी काही बोललं नाही, हेच फार बोलणं होतं. धाकटी रोज देवापुढे हात जोडून एकच मागायची. मोठं नको, सुंदर नको. एक खिडकी, खिडकीपाशी माझं यंत्र, आणि मला ओलांडणारं कुणी नको.

देव ऐकतो. फक्त लगेच देत नाही, आणि देतो तेव्हा आपण मागितलेल्या आकारात देत नाही.

तर दार लागलं. सुतार तोवर गप्प होता. तो गप्पच असायचा. बोलायचं काम त्याने हातांना दिलं होतं. त्याने खिशातून पेचकस काढला. पेचकसाशिवाय तो लग्नालाही जायचा नाही. दारापाशी उकिडवा बसला, बिजागरीवरून अंगठा फिरवला आणि एकेक स्क्रू काढायला लागला. दहा मिनिटांत दार जागचं उचलून त्याने भिंतीला टेकवलं. गल्लीतला उजेड आत आला आणि छापखान्याच्या शाईचा वाससुद्धा धाकटीला गोड लागला.

"सुटलो!" दलाल म्हणाला.

"खालून फुगलंय," सुतार दाराकडे बघत म्हणाला. "रंधा मारायला हवा. उद्या येतो घेऊन."

"अहो दादा, उद्या कशाला? घर पसंत आहे की नाही ते सांगा."

"ते बघू. पण दार असं कसं टाकायचं?"

तिथे सगळी गोम होती. सुताराच्या बापाने त्याला धंदा शिकवताना सांगितलं होतं म्हणे, की दुखणारं दार बघून पुढे जाणारा सुतार म्हणजे बुडणाऱ्याकडे पाठ फिरवणारा नावाडी. बापाचं बाकी काही त्याने ऐकलं असेल-नसेल, हे मात्र हाडात भिनलेलं. दुसऱ्या दिवशी तो फर्निचरच्या कारखान्यातून सुटल्यावर रंधा घेऊन गेला. धाकटीही गेली, कारण नवरा एकटा गेला तर घर न घेताच संपूर्ण घर दुरुस्त करून येईल, ही भीती.

भीती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. दार लोण्यासारखं चालायला लागलं. मग स्वयंपाकाच्या आडोशातली धूर जायची झडप. मग एक कुरकुरणारी फळी. दलाल दर खेपेला कपाळावर हात मारायचा.

"ताई, तुम्ही तरी सांगा हो यांना! घर घेणारा आधी घराला नावं ठेवतो. दार नीट नाही, भाव पाडा. फळी सडली, भाव पाडा. अशी रीत आहे. तुमचे हे तर भाव पाडायला ठेवलेली एकेक खोट बुजवत चाललेत! उद्या मी मालकाला काय सांगू, घर मोडकळीला आलंय म्हणून?"

"भाव वाढवत नाही मी," कंडक्टर खाटेवरून म्हणाला. "तिकीट एकदा फाडलं की फाडलं. शब्द दिला म्हणजे दिला. सुतारदादा, तुम्ही चहा घेणार ना?"

वरची खोली धाकटीने तिसऱ्या खेपेला बघितली. तोवर कुणी वर गेलंच नव्हतं. जिना लाकडी, शिडीसारखा चढा. पायऱ्या जिच्यात बसवलेल्या ती भिंतीकडची तिरकी फळी दोन बोटं भिंतीपासून सुटलेली, म्हणजे पायऱ्या एका अंगाने नुसत्या लोंबकळत होत्या. धरायला कठडा नाही.

"तुम्ही बघून या ताई," दलाल पोटावर हात ठेवून म्हणाला. "माझ्या वजनाला तो जिना नाही म्हणेल."

"कडेने पाय टाक," कंडक्टर म्हणाला. "माझा मधे पडला होता. सात पायऱ्या एकदम उतरलो, मधे स्टॉप न घेता. चौदा महिने झाले. तेव्हापासून वरची गाडी बंद."

तीस वर्षं धावत्या बसच्या पायरीवर एका पायाने लटकलेला माणूस स्वतःच्या घरातल्या अकरा पायऱ्यांना भ्यायला होता. तो हसून सांगत होता, पण सांगताना जिन्याकडे बघत नव्हता.

धाकटी भिंत चाचपत वर गेली. आणि वर गेल्यावर जागच्या जागी उभी राहिली.

घर खाली दबलेलं असलं तरी वर त्याने मान बाहेर काढली होती. शेजारच्या छापखान्याचं छप्पर संपून अर्धा मजला वर ही खोली, आणि तिला रुंद खिडकी. खिडकीतून चौक. चौकात बस वळत होत्या, लाल, हिरव्या, एकामागे एक, आणि उजेड असा की जमिनीवर धुतलेलं कापड वाळत घालावं तसा पसरलेला. धूळ होती, चौदा महिन्यांची. पण धूळ काय, फडक्याने जाते. धाकटीच्या गळ्यात मापाची फीत असायचीच. तिने खिडकीखालची जागा मापली. यंत्र बसत होतं. यंत्राच्या डाव्या अंगाला आख्खा कोट पसरायला जागा उरत होती. तिने पुन्हा मापलं. पुन्हा तेवढंच आलं.

कोपऱ्यात एक खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. बसण्याची जागा झिजून खोल झालेली. धाकटीने ती बघितली आणि नजर काढून घेतली.

खाली आली तर कंडक्टर तिच्याकडे बघत होता. शाळेचा निकाल घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसा.

"वर कसं काय?"

धाकटी जन्मात फारसं खोटं बोलली नव्हती. बोलायला वेळच नव्हता. पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही काका. धूळ आहे, अंधार आहे. कोंदटच झालंय."

"अंधार?"

"हो. फारसं काही राहिलं नाही बघण्यासारखं."

"असं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "असं."

का बोललो आपण असं? घरी जाताना धाकटी स्वतःला विचारत होती. उत्तर तिला माहीत होतं, ते तिला ऐकायचं नव्हतं. म्हणून तिने नवऱ्यालाच झापलं, "हे बघा, आता जिन्याला हात लावायचा नाही. कागद झाल्यावर काय करायचं ते करा."

"का गं? पडेल कुणीतरी. बाजूची फळी आत रेटून पाचरा मारल्या तर दोन दिवसांचं काम."

"कागद झाल्यावर म्हटलं ना!"

सुताराने मान हलवली. पण त्यानंतर तो तिथे गेला की झाकलेल्या दुधाभोवती मांजर फिरावं तसा जिन्याभोवती फिरायचा. एका पायरीखाली बोट घालायचा, चुकचुकायचा, आणि बायकोकडे बघून बोट काढून घ्यायचा.

इकडे घरी त्याने दुसरा पराक्रम केला. आयुष्यात एकदा बोलला आणि नको तेव्हा बोलला. जेवता जेवता भावाला म्हणाला, "दादा, आम्ही घर बघितलंय. महिनाअखेर निघू."

थोरलीचा हात वाढता वाढता थांबला. मग तिने ताटात एरवीपेक्षा जास्तच भात वाढला. "अगंबाई! कधी ठरलं? सांगितलंसुद्धा नाहीस गं धाकटे! आम्ही काय परके?"

"अजून कागद व्हायचेत, जाऊबाई."

"होतील गं, होतील. चांगलं झालं. नाहीतरी माझ्या भाच्याला इथे नोकरी लागलीय, त्याची सोय कुठे करावी या विवंचनेत होते मी. त्याला एक तारखेची वेळ देऊन टाकते."

आणि लगेच, धाकटी भांडी घेऊन आत वळते न वळते तोच, दारात आलेल्या शेजारणीशी बोलताना थोरलीचा आवाज आला, "सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा."

झालं. मागचं दार लागलं. आता पुढचं उघडलंच पाहिजे. धाकटी रात्रंदिवस त्या वरच्या खोलीत मनाने पडदे लावत राहिली आणि प्रत्येक पडदा लावताना ती झिजलेली खुर्ची मधे यायची. ती मनातल्या मनात खुर्ची उचलून खाली ठेवायची. डोळे मिटले की खुर्ची पुन्हा वर.

व्यवहाराचा दिवस ठरला, रविवार. त्याच्या आदल्या मंगळवारी सुताराला झडपेचं राहिलेलं काम पुरं करायचं होतं, म्हणून दोघं पुन्हा गेली. दार हलकेच उघडलं, आवाजही झाला नाही, त्यामुळे कंडक्टरला ती आलेली कळली नाहीत.

तो जमिनीवर खडूने रेघा ओढत होता. एका हाताने खाटेला धरून, वाकून. सहा फूट लांब, तीन फूट रुंद चौकोन. मग तो त्या चौकोनात उभा राहिला. मग बसला. मग उठून खाटेभोवतालच्या वस्तू एकेक करून आत आणून ठेवायला लागला. रेडिओ, औषधाचा डबा, चपला, उशी. चपला आत मावेनात. त्याने रेडिओवर औषधाचा डबा ठेवला आणि चपला बसवल्या. मग पाय बाहेर जायला लागले. त्याने पाय पोटाशी घेतले.

"काका, हे काय?" धाकटीने विचारलं.

तो दचकला, मग हसला. "रंगीत तालीम. मुलीच्या घरी दिवाणखान्यात घडीची खाट टाकणारेत माझी. अकराव्या मजल्यावर. तिने माप कळवलंय. म्हटलं, आत्तापासून सवय केलेली बरी. तिथे जाऊन पाय लांब केले आणि जावयाने ओलांडताना उसासा टाकला तर?"

धाकटीने खडूच्या रेघांकडे बघितलं.

"मुलगी चांगली आहे हो," तो घाईने म्हणाला. "जावईही. कुणी काही बोलायचं नाही. तेच जरा..." त्याने चप्पल पुन्हा सरकवली. "मी तीस वर्षं लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो. आता मला सरकायला पुढे जागाच नाही."

धाकटीला त्या खडूच्या चौकोनात तिचं शिलाईयंत्र दिसलं. वळणावरचं. ती खाली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"काका, मी खोटं बोलले. वर अंधार नाहीये. भरपूर उजेड आहे. चौक दिसतो सगळा."

म्हाताऱ्याने चपलेवरचा हात काढला. छापखाना धडधडत होता.

"दिसतो?"

"बस वळतानासुद्धा दिसतात."

"मला वाटलं, समोरच्याने मजला चढवला," तो हळू म्हणाला. "तू अंधार म्हणालीस ना, मी विचार केला, आपण खाली पडून राहिलो आणि समोर मजला चढला, आपल्याला कळलंही नाही. मग म्हटलं, चला, गेला उजेड तर गेला. जायला सोपं झालं." त्याने डोळे पुसले नाहीत, फक्त नाक ओढलं. "कशाला सांगितलंस पोरी? बरं चाललं होतं."

पाप केलं की माणसाला वाटतं, कबूल केलं की हलकं होईल. कधी कधी उलटं होतं. धाकटीच्या डोक्यावर आता दुप्पट ओझं आलं. ती उठली, मागे गेली. सुतार झडपेला पॉलिशपेपर घासत होता.

"जिना बघा," ती म्हणाली.

"कागद झाल्यावर म्हणालीस ना?"

"आत्ता म्हणतेय."

त्याने तिच्याकडे बघितलं. कारण विचारलं नाही. पण त्याचा चेहरा असा खुलला, जसं उपाशी माणसाला कुणी ताटावर बसवावं. त्याला हे घर मिळेल की जाईल, याचा विचार त्याच्या डोक्यात आला होता की नाही, देव जाणे. धाकटीच्या डोक्यात मात्र तो पहिल्या फळीपासून शेवटच्या पाचरेपर्यंत होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज संध्याकाळी तो कारखान्यातून थेट तिथे यायचा आणि ती फळीचं दुसरं टोक धरून उभी राहायची. त्याने बाजूची फळी टेकू देऊन भिंतीत रेटली, पक्की केली. प्रत्येक पायरीखाली दोन पाचरा. शनिवारी कठडा. कठड्याला त्याने इतका हात फिरवला की रेशमाला लाज वाटावी.

"अहो, झालं की आता," ती म्हणाली.

"म्हाताऱ्याचा हात आहे. कुसळ जायला नको."

आणि ती फळी धरून उभी. प्रत्येक ठोक्याला तिला वाटायचं, आपण आपल्याच खोलीचं दार बाहेरून ठोकून बंद करतोय. हात सोडावासा वाटायचा. सोडला नाही, एवढंच तिचं शौर्य.

रविवारी सकाळी दलाल कागद घेऊन आला. कोरा सदरा, खिशाला दोन पेनं. आत आला आणि जिना बघून मटकन खाटेवर बसला.

"हे पण केलंत?"

"चढून बघा," सुतार म्हणाला. "तुमचं वजनही घेईल."

"मला नका चढवू. मला सह्या घेऊ द्या."

पण कंडक्टर उठला होता. त्याने कठड्याला हात लावला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि पायरी कुरकुरते का, ते ऐकायला थांबला. नाही कुरकुरली. मग दुसरा पाय. तिघं खालून माना वर करून बघत होती. सातव्या पायरीवर, जिथून तो पडला होता तिथे, तो थांबला. धाकटीने मनात देवाचं नाव घेतलं, आणि खरं सांगायचं तर काय मागितलं ते तिचं तिलाही कळलं नाही. तो चढावा, की चढू नये?

तो चढला. पावलं वर वाजली, चार, पाच. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खिडकी उघडली. मग काहीच नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. दलालाने घड्याळ बघितलं. "झोपले की काय?"

"जरा थांबा हो," सुतार म्हणाला. आता त्याचाही आवाज बदलला होता. त्याने बायकोकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

म्हातारा खाली आला तेव्हा सावकाश, एकेक पायरी, पण कठड्याला धरून नाही, नुसता हात वरून घसरवत. शेवटच्या पायरीवर मात्र त्याने कठडा घट्ट धरला. आणि धरूनच राहिला.

"द्या," तो दलालाला म्हणाला. "कुठे करायची सही?"

दलालाने कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढलं. कंडक्टरने उजव्या हातात पेन घेतलं. डावा हात कठड्यावरून सुटेना. कागद लांब होता, हात पोचत नव्हता, आणि तो कठडा सोडत नव्हता.

"काका," सुतार घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला... राहायचंय का इथे?"

"मी शब्द दिलाय," म्हातारा म्हणाला. त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. "तुमच्या हातचा जिना चढून मी तुम्हालाच दिलेला शब्द मोडू? असला कंडक्टर नाही मी. आणा कागद जवळ."

तो खरंच सही करणार होता. त्यात नाटक नव्हतं. धाकटीने नुसतं गप्प बसायचं होतं. एक मिनिट, दीड मिनिट. बोलायचंसुद्धा नव्हतं, खोटंसुद्धा नाही. गप्प बसणं ती तीन वर्षं शिकली होती. कागदावर सही झाली की वरची खिडकी तिची, एक तारखेला येणारा भाचा थोरलीला लखलाभ, आणि म्हाताऱ्याची सोय तर आहेच, अकराव्या मजल्यावर, मुलगी चांगली आहे.

"थांबा," ती म्हणाली. "आम्हाला घर पसंत नाही."

दलालाचं तोंड उघडं पडलं. "काय?"

"पसंत नाही."

"ताई, तीन आठवडे! आज सह्या! काय पसंत नाही?"

"दार..."

"दार? करंगळीने उघडतंय! तुमच्या ह्यांनीच केलंय!"

"स्वयंपाकाची झडप..."

"परवा नवी झाली! आणखी? फळी? बसवली. जिना? हा समोर उभा आहे, राजवाड्यात शोभेल असा! सांगा ना, कुठली खोट काढता? मला एक खोट दाखवा, मी हा कागद खातो!"

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. खरंच काही उरलं नव्हतं. नवऱ्याने नाही म्हणण्याची एकूण एक फट बुजवून टाकली होती. तिला हसू आलं आणि रडूही.

"खोट नाहीच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर नको. हे रिकामं होणारं घर नाही हो, राहतं घर आहे. राहत्या घरातून माणूस उठवून मी खिडकीत बसले, तर टाका चुकेल माझा."

कंडक्टरने पेन दलालाच्या खिशात परत खोचलं, नीट, क्लिप बाहेर ठेवून. त्याला बोलायचं होतं, ओठ हलले. धाकटीने हात वर केला. "काही बोलू नका काका. नाहीतर माझं मन बदलेल. मी काही संत नाही."

दलाल कागदाची गुंडाळी करून निघाला. दारातून वळून म्हणाला, "माझी तीन आठवड्यांची चप्पल झिजली, ती कोण भरून देणार?" आणि मग, दाराला हात लावून, स्वतःशीच, "काय चालतंय पण!"

गल्लीतून ती दोघं पुढे-मागे चालत होती. सुतार पुढे, खांद्यावर हत्यारांची पिशवी. मोठा रस्ता लागल्यावर तो तिच्या बरोबरीला आला. मग म्हणाला, "तुला माहीत होतं? जिना झाला की तो जाणार नाही, हे?"

"हो."

"आणि तरी फळी धरलीस."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"गुरुवारी कळलं," तो म्हणाला. "चौथ्या पायरीला. पण तोवर हातोडा वर गेलेला."

तिने त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला. जरा जोरातच झटकला, जेवढा भुसा होता त्यापेक्षा जोरात.

"आता दादाला काय सांगायचं?" त्याने विचारलं. "एक तारखेला भाचा येतोय."

"खरं सांगायचं."

"आणि राहायचं कुठे?"

अकरा दिवस होते, आणि ह्या शहरात त्यांच्या ऐपतीचं दुसरं घर त्या तीन वर्षांत तिने एकही बघितलं नव्हतं. "उद्यापासून परत बघायचं," ती म्हणाली. "आणि पिशवी घरी ठेवून यायचं."

"पेचकससुद्धा?"

"पेचकससुद्धा."

मोठ्या भाऊजींच्या घराची वाट पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे वळत होती. तिथवर दोघं झपाझप आली, आणि कोपऱ्यावर आल्यावर दोघंही थांबली. सुताराने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. धाकटीने पदर नीट केला, मग पुन्हा नीट केला. दुपार व्हायला अजून वेळ होता. आधी पाऊल कुणी टाकायचं याची दोघं वाट बघत राहिली.